आमटी किती वाजता उतरवली?

वृद्धांच्या आहारावर या सदरात लिहिलं तेव्हा पत्रं येतील ती मधुमेहाची, बद्धकोष्ठाची आणि दात नसलेल्यांनी काय खावं याची, असं वाटलं होतं. तीही आली. पण मोठा गठ्ठा निघाला तो वृद्धाश्रमांच्या स्वयंपाकघराबद्दलचा. व्यवस्थापक, विश्वस्त, परदेशातली मुलं, देणगीदार, एक स्वयंपाकीणबाई अशा सगळ्यांनी लिहिलं आहे. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत आणि माणसांची व संस्थांची नावं वगळली आहेत.

शंका : आमच्याकडे चाळीसेक आजी-आजोबा आहेत. एका रविवारी दुपारी आमटी-भात, कोबीची भाजी असं साधं जेवण झालं आणि मध्यरात्री नऊ जणांना पोटात मुरडा येऊन जुलाब सुरू झाले. ताप कुणालाच नाही, उलटी एखाद्यालाच. दोन दिवसांत बहुतेक जण सावरले, एका आजींना सलाईन लावावं लागलं. बाहेरचं काहीच नव्हतं. रविवारी स्वयंपाकीण उशिरा येते म्हणून आमटीसुद्धा आदल्या रात्री इथेच करून ठेवली होती. स्वयंपाकघर लख्ख आहे, टाइल्स रोज घासल्या जातात, वाढण्याआधी मी स्वतः चव घेतो. मग चुकलं कुठे? — व्यवस्थापक, सांगली जिल्हा

समाधान : तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. आमटी आदल्या रात्रीची होती. टाइल्सचा इथे काही संबंध नाही.

पत्रावरून निदान होत नाही, त्यासाठी शौचाचा नमुना तपासावा लागतो. पण जेवणानंतर दहा-बारा तासांनी मुरडा आणि जुलाब, ताप नाही, उलट्या जवळपास नाहीत, एक-दोन दिवसांत उतार, आणि जेवणात मोठ्या पातेल्यातली डाळ, रस्सा किंवा मटण, हे सगळं जुळून आलं की पहिला संशय क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जंतूवर जातो. माती, धूळ, मसाले, माणसाची आणि जनावरांची आतडी, सगळीकडे तो असतो. त्याचे बीजाणू उकळीतही तग धरतात. आमटी उकळते तेव्हा इतर जंतू मरतात, आमटीत विरघळलेला प्राणवायू निघून जातो, आणि ज्याला प्राणवायू नकोच असतो अशा या जंतूला मैदान मोकळं मिळतं. पंधरा-वीस लिटरचं झाकलेलं पातेलं ओट्यावर राहिलं तर त्याचा मधला भाग कितीतरी तास कोमट असतो. ४३ ते ४७ अंश सेल्सियसच्या आसपास हा जंतू साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. तीन तासांत अठरा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे अडीच लाखांवर. हिशेब तुम्हीच करा.

सकाळी ती आमटी गरम केली असेल, यात शंका नाही. कडेने बुडबुडे आले, वाफ दिसली की आपण गॅस बंद करतो. मधल्या आमटीला तेव्हा जेमतेम पन्नास-पंचावन्न अंशांची ऊब असते. हे जंतू जिवंत पोटात गेले की तिथे विष तयार करतात. आमटी ढवळत ढवळत पूर्ण खदखदू दिली असती, तर त्यांतले बहुतेक मेले असते.

चव घेण्याबद्दल सांगायचं तर मीठ कमी-जास्त आहे का, भलतंच काही पडलंय का, हे तिने कळतं. आजारी पाडण्याइतके जंतू असलेल्या आमटीचा वास, रंग आणि चव अगदी नेहमीसारखी असू शकते.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०१० च्या मे महिन्यात एका मनोरुग्णालयात नेमकं हेच घडलं. आदल्या दिवशी शिजवलेली आणि नीट थंड न केलेली कोंबडी खाऊन ४२ रुग्ण आणि १२ कर्मचारी आजारी पडले. तीन रुग्ण दगावले. कर्मचारी मात्र बरे झाले. रुग्णांना चालू असलेल्या औषधांनी त्यांची आतडी मंद झाली होती, त्यामुळे विष बाहेर पडायला वाव राहिला नाही. तुमच्या आश्रमात कायमची बद्धकोष्ठाची तक्रार असलेले किती जण आहेत आणि त्यांतले किती जण झोपेच्या किंवा मनाच्या आजारावरच्या गोळ्या घेतात, ते एकदा मोजून बघा.

पहिला उपाय म्हणजे आमटी त्याच वेळी करा, दोन्ही वेळा करा. चाळीस माणसांच्या आमटीला कुकरमध्ये तासभरही लागत नाही. रविवारी बाई उशिरा येत असेल तर रविवारी पोहे-उपमा आणि उशिरा जेवण ठेवा, वृद्धांना त्याचं काही वाटणार नाही. करून ठेवण्याला इलाजच नसेल, तर पातेलं तसंच न ठेवता आमटी पसरट परातींत किंवा थाळ्यांत दोन-तीन बोटं खोलीची ओता, परातीखाली बर्फाचं पाणी असलेलं घमेलं ठेवा आणि अधूनमधून ढवळा. ६० अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांत, आणि तिथून पाच अंशांवर पुढच्या चार तासांत, असा नियम आहे. खाताना पुन्हा पूर्ण उकळी. अन्नात खुपसून बघायचा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो. माझ्या मते वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तो देवघरातल्या घंटेइतका हाताशी हवा. भिंतीवर एक वही टांगा आणि त्यात रोज एवढंच लिहा : काय शिजवलं, किती वाजता उतरवलं, किती वाजता वाढलं, उरलेल्याचं काय केलं. असं मुद्दाम थंड करत नसाल, तर शिजलेलं अन्न पाच ते साठ अंशांच्या मधल्या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहू नये. टाइल्स घासायला लागणाऱ्या वेळातला पाव वेळ जरी या वहीला दिलात तरी फरक पडेल.

शंका : हे जरा अती होत नाही का? आमचं बालपण शिळ्या भाकरीवर आणि रात्रीच्या पिठल्यावर गेलं, आम्हाला काही झालं नाही. आज आश्रमात राहणारी मंडळी त्याच पिढीची आहेत. त्यांनाच का एवढी सोवळी? — विश्वस्त, कोल्हापूर

समाधान : शिळ्या भाकरीला माझी हरकत नाही. ती कोरडी असते आणि कोरड्यात जंतू वाढत नाहीत. आंबट ताकातही सहसा वाढत नाहीत. भानगड असते ती ओल्या, मऊ, शिजलेल्या आणि आंबट नसलेल्या अन्नाची : भात, वरण, उसळ, खीर, बटाटा, पनीर, मटण, अंडी. नेमकं हेच अन्न दात गेलेल्या माणसांना आपण देतो.

आणि पिढी तीच असली तरी पोट तेच राहिलेलं नसतं. जठरातलं आम्ल ही जंतूंविरुद्धची पहिली भिंत. वयाने ती अनेकांची खचते, उरलेली आपण सकाळी उपाशीपोटी दिलेल्या पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोलच्या गोळीने पाडतो. ती गोळी अनेकांना खरोखर लागते, ती बंद करा असं मी म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं कुणी विचारलंच नाही म्हणून चालू राहिलेल्या गोळ्याही पुष्कळ असतात, डॉक्टरांना एकदा यादी दाखवावी. त्यात मधुमेह, थकलेलं मूत्रपिंड, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, आणि तहानच कमी लागणं. तरुण माणूस दोन दिवस जुलाबाने हैराण होतो आणि उठून कामाला लागतो. ऐंशीच्या आजोबांचं तेवढ्याच जुलाबाने मूत्रपिंड बंद पडू शकतं.

आणखी एक गोष्ट विश्वस्तांनीच नव्हे, रात्रपाळीच्या आयाबाईंनीही लक्षात ठेवावी. म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. अचानक बरळणं, झोपाळलेपण, बाथरूमकडे जाताना तोल जाऊन पडणं, जेवणाला ‘नको’ म्हणणं, ही त्याची लक्षणं असू शकतात. कळायला म्हणून उशीर होतो.

अती होतंय का, हे ठरवायला जुन्या दोन घटना पुरेत. इंग्लंडमधल्या वेकफील्ड इथल्या स्टॅन्ली रॉइड या मनोरुग्णालयात १९८४ च्या ऑगस्टमध्ये साल्मोनेलाची साथ आली. थंड वाढलेलं गोमांस उन्हाळ्याच्या दिवसांत बराच वेळ फ्रिजबाहेर राहिलं होतं. ३५५ रुग्ण आणि १०६ कर्मचारी आजारी पडले आणि १९ रुग्ण गेले, त्यांत वृद्धांचा भरणा होता. दुसऱ्या वर्षी कॅनडातल्या ऑन्टारियोमधल्या लंडन शहरात एका वृद्धनिवासात ई. कोलायच्या एका घातक प्रकाराने १६९ पैकी ५५ रहिवाशांना गाठलं. त्यांतले १९ दगावले. कारण ठरलं सँडविच. स्टॅन्ली रॉइडनंतर चौकशी समिती बसली आणि एक विचित्र गोष्ट चव्हाट्यावर आली. सरकारी रुग्णालयांची स्वयंपाकघरं राजसत्तेची म्हणून अन्नकायद्याखाली त्यांच्यावर खटलाच भरता येत नसे. ही सवलत पुढे १९८६ च्या कायद्याने काढून घेतली. आपल्याकडे ‘सेवाभावी संस्था आहे, कशाला विचारायचं’ हीच सवलत आपण न मागता देतो.

शंका : रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणी देऊन नाश्त्याला देतात. कडकडीत तेलात परततात, मग जंतू कसे राहतील? — वाचक, ठाणे

समाधान : जंतू मरतील, विष राहील. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो. त्याचेही बीजाणू शिजण्यातून वाचतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला की तो वाढतो आणि उलट्या करवणारं विष भातातच सोडतो. हे विष इतकं चिवट आहे की फोडणीच काय, प्रेशर कुकरनेही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर तासाभरापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात. भात उतरवल्यावर तासाभरात ताटात पसरून थंड करून फ्रिजमध्ये गेला असेल, तर दुसऱ्या सकाळी फोडणीचा भात खुशाल करा. रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र टाकून द्या. तसा भात फोडणीला घालणं म्हणजे काटकसर नव्हे.

शंका : वडिलांच्या वर्षश्राद्धाला आश्रमात घरून जेवण नेणार होतो. पुरणपोळी, बासुंदी, पनीरची भाजी, साठ माणसांचं. व्यवस्थापकांनी नकार दिला. म्हणाले, शिधा द्या. आम्हाला फार वाईट वाटलं. अन्नदानाला नकार देतात का कुठे? — वाचक, पुणे

समाधान : तुमच्या भावनेचा अपमान त्यांनी केलेला नाही. साठ वृद्धांची जबाबदारी घेतलेल्या माणसाने असंच वागावं. तुम्हाला वाईट वाटलं तरी मी त्यांच्या बाजूचा आहे.

घरच्या स्वयंपाकघरात आपण सहा-आठ माणसांचं रांधतो. साठ माणसांचं करायला पहाटे चारला सुरुवात होते, बासुंदी रात्रीच आटवून ठेवतात, पनीर डिकीत तासभर उकडतं, आणि तिथे पोचून फोटो, दोन शब्द, पाया पडणं उरकेपर्यंत एक वाजतो. शिजल्यापासून ताटात पडेपर्यंत सात-आठ तास गेलेले असतात. शिवाय इतक्या हातांनी हाताळलेलं खव्याचं आणि दुधाचं गोड. निरोगी माणसांतल्याही पुष्कळांच्या नाकात आणि कातडीवर स्टॅफिलोकोकस हा जंतू असतो. कापलेल्या, पिकलेल्या बोटावर तर भरपूर. तो बासुंदीत उतरला की विष तयार करतो आणि ते विषही उकळून जात नाही.

मुलांचे वाढदिवस, पुण्यतिथ्या, पितृपक्ष यांत काही आश्रमांत आठवड्यातून चार-चार दिवस बाहेरचं गोड येतं. मधुमेहाचं त्यातून काय होतं, तो वेगळाच विषय. लग्नातलं उरलेलं अन्न ‘वाया जाऊ नये’ म्हणून रात्री अकराला आश्रमाच्या दारात उतरवणाऱ्यांना तर मी हात जोडतो. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी २०१९ चे केंद्राचे वेगळे विनियम आहेत. ते तपमान, वेळ आणि नोंदी मागतात. रात्री अकराच्या टेंपोत यातलं काही नसतं.

तुम्ही डाळ, तांदूळ, तूप, गूळ द्या, त्या दिवशीच्या जेवणाचा खर्च द्या आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात ताजी पुरणपोळी होऊ द्या. हवं तर वाढायला जा, हात साबणाने धुऊन.

शंका : मी वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. मागच्या महिन्यात मला जुलाब झाले होते, सुट्टी मागितली तर पगार कापू म्हणाले, म्हणून गेले. विळीने बोट कापलं तेव्हा पण तसंच. आता साहेबांनी हातमोजे आणून दिलेत आणि म्हणतात, आता काही प्रश्न नाही. खरं का? — नाशिक

समाधान : ताई, साहेबांचं बरोबर नाही. हातमोजा हा दुसरा हात आहे, एवढंच समजा. त्याच मोज्याने तुम्ही भाजी चिराल, गॅसचं बटण फिरवाल, घाम पुसाल आणि पोळ्या उचलाल, तर मोज्याचा उपयोग फक्त तुमचा हात स्वच्छ ठेवण्यापुरता. कणीक मळण्याआधी, संडासाहून आल्यावर, कच्चं मटण किंवा अंडी हाताळल्यावर, कचऱ्याला हात लागल्यावर, खोकल्या-शिंकल्यावर साबण आणि वाहत्या पाण्याने वीस सेकंद हात धुणं, याला पर्याय नाही. सॅनिटायझरही नाही. उलट्या-जुलाबांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही.

कापलेल्या बोटाला पाणी न शिरणारी पट्टी आणि वर मोजा, हे चालेल. बोट पिकलं असेल तर तयार अन्नाला हात लावायचा नाही, त्या दिवसांत भांडीकुंडी किंवा कोठीचं काम घ्या. जुलाब-उलट्या असतील तर स्वयंपाकघरात पाऊलच टाकू नका आणि पूर्ण थांबल्यावरही ४८ तास थांबा. माणसाला बरं वाटायला लागलं तरी जंतू शौचावाटे जातच असतात.

हे पुढचं तुमच्या साहेबांसाठी, त्यांना वाचायला द्या. तुम्ही आजारी बाईचा पगार कापता तेव्हा दोनशे-तीनशे रुपये वाचवता आणि तिला आजार लपवायला शिकवता. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण होती. तिला स्वतःला काही होत नसे, पण तिच्या पोटात विषमज्वराचे जंतू होते. १९०७ मध्ये तिला पकडून एकांतात ठेवलं, १९१० मध्ये ‘पुन्हा स्वयंपाक करणार नाही’ या अटीवर सोडलं आणि धोबीकाम दिलं. त्यात पैसे कमी मिळत. नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकाला लागली आणि १९१५ मध्ये सापडली ती एका प्रसूती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात. जगाने तिला खलनायिका ठरवलं. मला त्या गोष्टीत पगाराचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. आजारपणाची भरपगारी रजा ही अन्नसुरक्षेचीच बाब आहे. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराची लस, हे तर कायद्यानेच सांगितलेलं आहे आणि तो खर्च संस्थेचा आहे.

शंका : एकादशीला आश्रमात भगर करतात. भगरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. बंद करावी का? — वाचक, पंढरपूर

समाधान : भगर बंद करू नका, भगरीचं सुटं पीठ मात्र बंद करा. ओलसर हवेत भगरीवर अस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिचं विष शिजवून पूर्ण जात नाही. आपल्याकडच्या अन्न व औषध प्रशासनाने नवरात्राच्या सुमारास याबद्दल वारंवार सूचना काढल्या आहेत. पाकीटबंद, तारीख असलेली भगर थोडीच आणावी, निवडून, धुऊन, लागेल तेवढीच दळावी आणि केल्या केल्या खावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सप्ताहातली भगर-आमटी खाऊन शेकडो माणसं आजारी पडली आणि दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगून रस्त्यावर उपचार करावे लागले, ते चित्र अनेकांना आठवत असेल. तसा पंच्याऐंशीच्या माणसाने उपवास करावा का, हा प्रश्न मी विचारला तर तुम्ही रागवाल, म्हणून विचारत नाही.

शंका : पितळेच्या मोठ्या पातेल्यांची कल्हई गेली आहे. नवी भांडी घ्यायला पैसे नाहीत. — सावंतवाडी

समाधान : कल्हई होईपर्यंत त्यांत आमसूल, चिंच, टोमॅटो, ताक यांतलं काहीही नको. आंबटाने तांबं सुटतं आणि उलट्या होतात. पाणी तापवायला वापरा.

शंका : आमच्याकडे विहिरीचं पाणी टाकीत चढवतो. टीसीएल पावडर किती घालायची? अंदाजाने घालतो. — रत्नागिरी जिल्हा

समाधान : चांगल्या, ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते, पाणी गढूळ असेल तर जास्त. बादलीत कालवा, चोथा खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. पाणी पुरेसं शुद्ध झालं का, ते ओटी टेस्टने बघा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे त्या टेस्टचं द्रावण असतं. अर्ध्या तासानंतर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली जुनी पावडर कुचकामी झालेली असते, ती कितीही घातली तरी उपयोग नाही. कोशिंबिरीच्या काकडी-टोमॅटोला लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी वापरतात. पाच टक्के हायपोक्लोराइट असेल तर लिटरला एक मिलिलिटर. मग साध्या पिण्याच्या पाण्याने धुवा. तब्येतीने अगदी नाजूक असलेल्यांना मी कच्ची पालेभाजी आणि मोड आलेली कच्ची कडधान्यं देत नाही. उसळ शिजवूनच द्या.

शंका : आईला नाकातल्या नळीतून जेवण देतात. सकाळी एकदाच मिक्सरमधून काढून ठेवतात आणि संध्याकाळपर्यंत तेच देतात. ठीक आहे का? — वाचक, डोंबिवली

समाधान : नाही. वरण, भात, दूध, साखर एकत्र वाटलेलं हे मिश्रण जंतूंना आपल्याहून जास्त आवडतं. शिवाय मिक्सरचं पातं, झाकणाची रबरी कडी आणि सिरिंज यांत आदल्या वेळचं अन्न अडकून बसतं. प्रत्येक वेळी ताजं करावं. ते जमणारच नसेल तर केल्या केल्या छोट्या, झाकणाच्या डब्यांत वेगवेगळं भरून फ्रिजमध्ये ठेवावं, लागेल तेवढा एकच डबा काढावा आणि २४ तासांनंतरचं फेकावं. बाहेर दोन तासांवर नको. रबरी कडी दर वेळी काढून धुतात का, हे स्वतः उभं राहून बघा. नळी आहे म्हणून अन्नाचा वास कुणाला येत नाही, ‘आंबट लागतंय’ असं म्हणायलाही कुणी नसतं.

शंका : मी न्यू जर्सीला असतो. आईबाबांसाठी महाराष्ट्रात वृद्धनिवास बघायला पुढच्या महिन्यात येतोय. स्वयंपाकघर कसं पारखावं? एका ठिकाणी परवान्याबद्दल विचारलं तर म्हणाले, आमचा धर्मादाय ट्रस्ट आहे, आम्हाला लागत नाही.

समाधान : लागतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा आहे आणि त्यात अन्नव्यवसायाची व्याख्याच ‘नफ्यासाठी असो वा नसो, सार्वजनिक असो वा खाजगी’ अशी आहे. उलाढालीप्रमाणे नोंदणी किंवा परवाना यांपैकी एक हवाच. त्याचा चौदा आकडी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असला पाहिजे. फोस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर तो टाकून खरा आहे का, चालू आहे का, ते अमेरिकेत बसून बघता येईल.

पण कागदावर थांबू नका. कळवून जाल तर ओटा पुसलेला दिसेल. दुपारी साडेतीन-चारला जा. दुपारचं उरलेलं कुठे आहे ते त्या वेळी दिसतं : फ्रिजमध्ये, की झाकून ओट्यावर संध्याकाळची वाट बघत. फ्रिज उघडून बघायला मागा. कच्चं मटण किंवा अंडी वर आणि शिजलेलं खाली, असं असेल तर कच्च्याचा थेंब शिजलेल्यात पडतो. हात धुवायच्या बेसिनपाशी साबण आहे का आणि तो ओला आहे का, बघा. कोरडा साबण शोभेचा असतो. पुसायची फडकी बघा. एकच फडकं ओटा, ताटं आणि हात पुसत असेल, तर बाकी सगळं घासून-पुसून केलेलं त्या फडक्याने मातीत जातं. फडकी रोज उकळून उन्हात वाळवलेली हवीत. कोठीत उंदराच्या लेंड्या, धान्याला भुंगे, भिंतीला टेकवून ठेवलेली पोती आहेत का? आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सहज विचारा, ‘ताई, आजारी पडलात तर काय करता?’ या एका प्रश्नाच्या उत्तरातून तुम्हाला परवान्याहून जास्त कळेल.

व्यवस्थापक चिडले, तर दुसरं ठिकाण बघा.

शंका : एवढं करूनही साथ आलीच, तर पहिल्या तासाभरात काय करायचं? — परिचारिका, छत्रपती संभाजीनगर

समाधान : आधी पाणी. ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, थोडं थोडं, सतत. पाकीट नसेल तर लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना किती द्यायचं, ते लगेच डॉक्टरांना फोन करून विचारा. त्याच फोनवर रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या त्या दिवशी द्यायच्या का, तेही विचारून घ्या. जुलाब बांधणारी गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. शौचात रक्त, लघवी बंद होणं, गुंगी किंवा बरळणं यांतलं काहीही दिसलं तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

ज्यांना त्रास आहे त्यांचा संडास वेगळा करा. उलटी सांडली तर मोजे घालून पुसा आणि ती जागा ब्लीचच्या पाण्याने धुवा. ज्या आया हे करतात त्यांनी त्या दिवशी जेवण वाढू नये. कुणी, काय, किती वाजता खाल्लं आणि त्रास किती वाजता सुरू झाला, हे ज्यांना काहीच झालं नाही त्यांच्यासकट सगळ्यांचं लिहून काढा. आजारी नसलेल्यांनी काय खाल्लं नव्हतं, यावरूनच बहुतेक वेळा गुन्हेगार पदार्थ सापडतो.

आणि घाबरून पातेली घासू नका. बदनामीच्या भीतीने सगळे पहिल्यांदा तेच करतात, आणि मग कारण कधीच कळत नाही. उरलेलं अन्न स्वच्छ बंद डब्यात, तारीख-वेळ लिहून फ्रिजमध्ये ठेवा. अन्न व औषध प्रशासन आणि स्थानिक आरोग्य अधिकारी यांना त्याच दिवशी कळवा. खरं तर रोजच्या प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवायची सवय आजपासूनच लावून घ्या. त्याला खर्च फक्त वाटीभर आमटीचा आहे.